मास्तरांची आरामखुर्ची

बस्त्यांव मास्तरांची नि माझी ओळख एका गैरसमजातून झाली, आणि तो गैरसमज इतका गोड होता की तो दूर झाल्याचे मला अजून थोडे वाईट वाटते. ठाण्याच्या कचेरीत मी नुकताच उमेदवारी करू लागलो होतो. श्रावणातला एक रविवार होता. खाडीकडच्या रस्त्याने घरी चाललो असता इगर्जीतून, म्हणजे किरिस्तावांच्या देवळातून, एक सूर ऐकू आला. लांबच लांब, भरीव, आणि थांबायचे नाव नाही. गाणारा कितीही दमाचा असो, कुठेतरी श्वास घेतोच. सारंगीचा गजही कुठेतरी फिरतो. हा सूर आपला एकसारखा चालू. तंबोऱ्याच्या घरात वाढलेला मी. पाय आपोआप दाराशी जाऊन थांबले. आत प्रार्थना चालली होती. माळ्यावर एक सडपातळ गृहस्थ मोठ्या बाज्यासमोर बसले होते. तो न थांबणारा सूर त्यांनी षड्ज म्हणून धरला होता आणि बाकीचे सगळे गाणे त्याच्याभोवती अशा बेताने फिरवत होते की खालची मंडळी डोळे मिटून गात होती.

प्रार्थना आटोपल्यावर मी त्यांना दाराबाहेर गाठले, नमस्कार केला आणि म्हणालो की तुमच्याकडेही गाण्याखाली आधाराचा सूर धरून ठेवण्याची चाल आहे हे मला ठाऊक नव्हते. फार संतोष झाला. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मला हाताला धरून लाकडी जिन्याने वर नेले, बाज्याची मागची फळी काढली आणि आत बोट दाखवले. दमट हवेने एक लाकडी पट्टी फुगून बसली होती आणि त्या सुराच्या नळीतला वारा बंदच होत नव्हता. ऐन प्रार्थनेत तो सूर अडकला होता. दुसरा कोणी असता तर बाजा बंद करून, कपाळाला हात लावून खाली उतरला असता.

"त्यो थांबाला तयार नाय, तं मी बोललो, र्‍हा बाबा," मास्तर म्हणाले. "त्याला घरातला वडील समजलो नि बाकीच्यांना त्याचे सोबत चालवला."

त्या दिवसापासून मी मास्तरांचा शिष्य झालो. यंदा मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या सत्कारासाठी ठाणे, कोपरी आणि कल्याणच्या स्नेह्यांनी मिळून मंडळ स्थापन केले, हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि मला लेख लिहायला सांगितले. याचा मला अभिमान वाटायला हवा. वाटतोही. पण खरे सांगतो, लेखणी हातात घेतल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीशी जातो, इगर्जीच्या बाजूला कान लावतो आणि पुन्हा येऊन बसतो. याचे कारण आधी सांगून टाकलेले बरे, म्हणजे वाचकही माझ्यासारखेच अस्वस्थ होतील आणि मला सोबत मिळेल.

यंदा पावसाळा सरता सरता बाज्याच्या भात्याचे कातडे घडीवर उलले. आता बाजा चार ओळी नीट वाजतो आणि पाचवीला धापा टाकू लागतो. इगर्जीतल्या एका सधन गृहस्थांनी पायाने चालवायची नवी विलायती पेटी देऊ केली आहे, ती वाजवणारा एक तरुणही मुंबईत तयार आहे. मास्तरांचे गुडघे धरतात, माळ्याचा जिना चढताना त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा साठीच्या निमित्ताने मास्तरांचा सन्मान करावा, त्यांना विश्रांती द्यावी, जुना बाजा खोलून ठेवावा असे घाटते आहे. यात कोणाच्याही मनात वाईट नाही. आमच्या मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब तर मास्तरांवर जीव टाकणारे. त्यांनीच सुचवले की शाल आणि मानपत्र तर देऊच, पण त्याबरोबर एक उत्तम आरामखुर्ची द्यावी. सभेने टाळ्या वाजवल्या. खुर्ची निवडून आणण्याचे काम माझ्याकडे आले.

मास्तरांना आरामखुर्ची. ज्यांनी मास्तरांना जवळून पाहिले आहे त्यांना यातली गंमत सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी आता जरा मागे जातो.

मास्तरांचे घराणे कोपरीचे. वडील भातशेती करीत आणि हंगामात मिठागरावर राबत. शाळेतल्या एका गोव्याच्या पाद्रींनी मुलाचा कान ओळखला आणि त्याला विलायती स्वरलिपी वाचायला शिकवली. पुढे रेल्वेच्या कामावरचा एक इंग्रज इंजिनियर मायदेशी परतताना आपला बाजा इगर्जीला देऊन गेला. बाजा म्हणजे आपल्या भजनातली पेटी नव्हे. माणसाहून उंच नळ्या, बोटाएवढ्या नळ्या, लाकडाच्या, कथलाच्या. खाली भला थोरला भाता आणि वाजवायला हातापायांच्या वेगवेगळ्या पट्ट्या. हे सारे सुटे करून पेट्यांत भरलेले खाडीतून पडावाने येऊन उतरले, आणि मग लोकांच्या ध्यानात आले की ते जोडणार कोण.

मास्तर तेव्हा विशीतले. त्यांनी सगळ्या नळ्या इगर्जीच्या अंगणात आणल्या आणि एकेक तोंडाने फुंकून, सूर ऐकून, क्रमाने मांडायला सुरुवात केली. येणारे जाणारे बघत. कोपरीच्या बाया म्हणत, पोराला वारे लागले. पण बाजा उभा राहिला आणि वाजला. फक्त एक नळी उरली. ती कुठली, आत तिची जागा कोणती, हे मास्तरांना आजतागायत सापडलेले नाही, आणि त्यांचा शोधही थांबलेला नाही. मधल्या काळात ती नळी मास्तरीणबाईंनी चुलीची फुंकणी म्हणून वापरायला घेतली. त्यांच्या घरी जेवायला गेले की चूल पेटवण्याचा सूर आधी ऐकू येतो. मास्तर बोलता बोलता थांबतात, मान कलती करून ऐकतात, आणि मला कळते की त्यांच्या मनात पुन्हा सगळ्या नळ्या अंगणात मांडल्या गेल्या आहेत.

अशा माणसाला स्वस्थ बसणे ठाऊक नसते. आमच्या घरी इतकी वर्षे मास्तर येतात. ओटीवरच्या झोपाळ्यावर ते बसल्याचे मला आठवत नाही. बसा म्हटले की हो म्हणतात आणि भिंतीवर टकटक करून लाकूड कोणते ते बघू लागतात. जेवताना वारा फिरला तर अर्ध्या जेवणावरून उठून इगर्जीत जातात. बाज्याच्या पोटात त्यांनी एक बशी ठेवली आहे आणि तिच्यात आपल्या इथल्या मिठागराचे खडे मीठ. मीठ कोरडे असले तर साऱ्या नळ्या वाजवायच्या. मिठाला पाणी सुटले असले तर लाकडी नळ्यांना त्या दिवशी सुट्टी. विलायतेत बाजा सुरात ठेवायची काय रीत असेल ती असो, ठाण्याची रीत ही आहे आणि ती मास्तरांनी घातलेली आहे.

त्यांच्या विद्येबद्दल मी काय लिहावे? जुन्या जर्मन उस्तादांच्या चिजा मास्तर वाजवतात. पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मला तो निव्वळ गलबला वाटला होता. मग मास्तरांनी समजावले. एक जण मुखडा घेऊन निघतो. तो जरा पुढे जातो न जातो तोच दुसरा तोच मुखडा घेऊन मागून येतो, मग तिसरा, मग चौथा, आणि चौघेही एकमेकांचा पाय न तुडवता चालत राहतात. त्यातल्या एकाचाच हात धरून जा, असे ते मला सांगत. मी कधी तळच्या सुराचा हात धरी, कधी वरच्याचा. ते ऐकायला शिकलो आणि मग माझ्या आपल्या गाण्यातही मला कितीतरी गोष्टी नव्याने ऐकू येऊ लागल्या. हे ऋण मोठे आहे. मास्तरांनी मला कधी माझे गाणे सोडायला सांगितले नाही; उलट एखादा राग मी त्यांच्यासमोर आळवला की ते खोलीत फेऱ्या घालीत ऐकायचे आणि शेवटी हमखास अशी शंका काढायचे की माझी त्या रात्रीची झोप गेलीच.

मुंबईच्या एका मोठ्या इगर्जीत त्यांना बोलावणे आले होते. बाजा आमच्याहून कितीतरी मोठा, मान मोठा, राहायला जागा. मास्तर गेले. आम्ही त्यांना निरोपही दिला, मी तर भाषण केले. आणि पुढच्याच आठवड्यात मास्तर कोपरीच्या रस्त्यावर हातात लाकूड जोडायच्या सरसाचे भांडे घेऊन चाललेले दिसले. मी विचारले, काय झाले, जागा पसंत पडली नाही का?

"जागा झकास," ते म्हणाले. "पन त्यो बाजा शाना हाय, वामनराव. त्याला माझी काय गरज?"

एवढे बोलून ते निघाले, कारण सरस थंड होत होता. इतके भिरभिरे चित्त असलेला माणूस जन्मभर एकाच माळ्यावर का राहिला, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

मास्तरांबद्दल लिहायचे आणि सान्तूबद्दल लिहायचे नाही, असे झाले तर मास्तर हा ग्रंथ हातातही धरणार नाहीत. सान्तू चेंदणीचा कोळी. बाज्याचा भाता ओढण्याचे काम पहिल्यापासून त्याचे. बाज्याला वारा मिळाला नाही तर वाजवणाऱ्याने कितीही बोटे चालवली तरी व्यर्थ, म्हणून मास्तर 'मी वाजवले' असे कधी म्हणत नाहीत. 'आम्ही दोघांनी वाजवले' असे म्हणतात, आणि ते विनयाने म्हणत नाहीत. त्यांना तसेच वाटते.

या सान्तूने एकदा सणाच्या आधी बाज्याची सेवा केली. कोळी लोक होडीचे लाकूड कुजू नये म्हणून तिला मुशीचे तेल चोपडतात. मुशी म्हणजे आपला शार्क मासा. त्याच्या तेलाचा वास ज्याने घेतला आहे तो विसरत नाही. सान्तूने विचार केला की भात्याचे कातडे पावसाळ्याने कडक झाले आहे, सण तोंडावर आला आहे, आणि होडीला जे चालते ते बाज्याला का चालू नये. त्याने भात्याला आतून बाहेरून तेल लावले. सणाच्या सकाळी इगर्ज फुलांनी भरलेली, बाया नव्या लुगड्यांत, बाहेरगावचे पाहुणे पाद्री आलेले. मास्तरांनी पहिली पट्टी दाबली आणि सगळ्या नळ्यांमधून सुरांबरोबर मुशी बाहेर पडली. पुढच्या रांगेतल्या लोकांनी रुमाल काढले. जरा वेळाने कुठून कुठून मांजरे यायला लागली आणि माळ्याच्या जिन्यावर ओळीने बसली.

प्रार्थना संपल्यावर पाहुणे पाद्री संतापून वर आले आणि हे कोणी केले म्हणून विचारू लागले. सान्तू कोपऱ्यात उभा होता. त्याचे काम जाणार हे उघड होते.

"माझे होडीला लावतं, तिला काय व्हत नाय, म्हनून..." एवढेच तो पुटपुटला.

मास्तर मध्ये पडले. ही विलायती पुस्तकात दिलेली रीत आहे, मीच त्याला तेल लावायला सांगितले होते, असे त्यांनी चेहरा सरळ ठेवून सांगितले. पाद्रींनी पुस्तक मागितले नाही हे आमचे नशीब. पुढे कितीतरी दिवस मास्तर, सान्तू आणि मी चण्याच्या पिठाने तो भाता पुसत होतो. कातडे मात्र तेलाने सैल पडले ते पडलेच. ठिगळांवर ठिगळे लावून मास्तरांनी ते इतकी वर्षे चालवले, आणि यंदा उलले ते हेच कातडे. सान्तूला हे ठाऊक आहे. म्हणून नव्या पेटीची बातमी आल्यापासून त्याने चेंदणीच्या धक्क्यावर बसणेही सोडून दिले आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. गाठीच्या तापाची साथ आली त्या साली ठाण्याची निम्मी घरे ओस पडली. आम्हीही घराला कुलूप घालून डोंबिवलीच्या माळावर झोपडी बांधून राहिलो. तिथे आईने अंथरूण धरले. ताप साधाच होता, पण तिने जेवण सोडले. शेजारच्या झोपड्यांतून माणसे जाताना ती बघत होती. आपलीही पाळी आली असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. आमची आई सोवळ्याओवळ्याची कडक. मुलगा किरिस्तावाकडे गाणे शिकतो, हे तिने मला कधी मनापासून माफ केलेले नव्हते.

मास्तर रविवारी दुपारी कल्याणला रेल्वेवाल्यांच्या प्रार्थनामंदिरात वाजवायला जात. परतताना डोंबिवलीला उतरून, हातपेटी खांद्याला लावून ते आमच्या झोपडीशी आले. साथीच्या भीतीने सख्खे नातलग फिरकत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. अंगणात उभ्याउभ्याच, पेटी एका दगडावर ठेवून त्यांनी आईचे आवडते जुने भजन वाजवायला घेतले. माझ्याकडूनच त्यांनी ते ऐकले होते. तिसऱ्या ओळीत एक सूर चुकला. आतून आईचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तिचा असा खणखणीत आवाज मी ऐकत होतो.

"वामन, त्या बाजेवाल्यांना सांग, तिसऱ्या ओळीत चुकताहेत."

मास्तरांनी माफी मागितली आणि पुन्हा वाजवले. पुन्हा तिथेच चुकले. आई उठून बसली आणि तिने ती ओळ गाऊन दाखवली. पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा आले आणि पुन्हा तिसऱ्या ओळीत चुकले. आई दाराच्या चौकटीपर्यंत आली. त्याच्या पुढच्या खेपेला ती अंगणात त्यांच्या समोर बसून त्यांना दटावत होती, आणि दटावून दमल्यावर तिने पेज मागितली. फुगलेल्या पट्टीला षड्ज करणारा माणूस एका साध्या भजनात इतक्या वेळा कसा चुकतो, हे मी मास्तरांना आजवर विचारलेले नाही. विचारायला गेलो तर ते भिंतीवर टकटक करू लागतील.

तर अशा या मास्तरांसाठी मी आरामखुर्ची आणायची होती. त्याआधी या लेखासाठी माहिती हवी म्हणून मी कोपरीला त्यांच्या घरी गेलो. ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जुने बूट, घोड्याच्या खोगिराचा तुकडा, फाटक्या मृदंगाची पुडी, असे मिळेल ते कातडे पसरले होते. मास्तर एकेक उचलून वाकवून बघत होते आणि बाजूला टाकत होते. सगळे कडक निघत होते. सान्तू उंबऱ्याशी बसून खोगिराला पाणी लावून चोळत होता. आतून फुंकणीचा सूर येत होता. मी जन्मगाव, शिक्षण वगैरे विचारू लागलो. मास्तरांचे लक्ष नव्हते. मग एकाएकी त्यांनीच विचारले.

"खुर्ची कंची हाय, वामनराव?"

ही गोष्ट गुप्त ठेवायची असे सभेत ठरले होते. मी गोंधळलो. मास्तरांनी हातातला बूट वाकवून पाहिला.

"बैठक वेताची का कातड्याची? कातड्याची आसल तं आना. कापून भात्याला लावीन. लाकूड हिला चुलीला व्हईल."

सान्तू हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही. मास्तरांनी हातातला बूट खाली ठेवला. ते क्षणभर अगदी स्तब्ध उभे राहिले, आणि त्यांना असे पाहायची सवय नसल्याने मला भीती वाटली.

"मना बसाला सांगतान, ती मानसा माझे भल्याचीच हान," ते म्हणाले. "पन माझे पाय फकस्त तिकडं बाज्याचे बाकावर थांबतान. बाकी कुठं बसवलात, तं मी नुसता पडून र्‍हाईन."

मी माहितीचा कागद तसाच खिशात घालून बाहेर पडलो. रस्ताभर माझा मलाच राग येत होता. आम्ही सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवून, ज्यांना आम्ही गुरू म्हणतो त्यांच्या घरात त्यांचे म्हातारपण नेऊन ठेवायला निघालो होतो, आणि ते वाहून नेण्याचे काम मी हसतमुखाने पत्करले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा घेऊन मी कल्याणला गेलो. खुर्चीवाला रावसाहेबांच्या ओळखीचा. त्याने शिसवी खुर्ची झाडून पुसून तयार ठेवली होती. मी तिच्यात बसून पाहिली. अतिशय सुखाची खुर्ची होती. मी त्याला नमस्कार केला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या कातडीवाल्याकडे गेलो. मेंढीचे कातडे, पातळ, मऊ, कमावलेले, भात्याला लागेल त्याहून थोडे अधिकच, असे बांधून घेतले आणि घरी आलो. रावसाहेबांना ही बातमी हा लेख वाचतानाच कळणार आहे. त्यांनी मला रागवावे, त्यांचा अधिकार आहे. फक्त खुर्ची परत मागू नये, कारण ती कधी घेतलीच नाही.

घरी आलो तेव्हा माझ्यासमोर खरा प्रश्न होता आईचा. जनावराचे कातडे तिच्या घरात कधी आलेले नव्हते. तिने गाठोड्याकडे पाहिले आणि विचारले, कोणाचे? मी सांगितले. ती पदर सावरून गाठोड्यापासून दोन पावले मागे सरली. मग म्हणाली, बाजेवाल्यांचे आहे ना, मग ठेव ओटीवर. वर काहीतरी घाल, रात्री दव पडते. मी माझे उपरणे त्यावर घातले.

त्यानंतर मी इगर्जीच्या पाद्रींना भेटलो. ते भले गृहस्थ आहेत; माझे ऐकता ऐकता व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले, तेव्हा मला आशा वाटली. शेवटी त्यांनी शब्द दिला. सत्काराच्या दिवशी सकाळची प्रार्थना जुन्या बाज्यावर होईल. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत धाप न टाकता वाजला तर बाजा राहील, मास्तर राहतील, आणि नवी पेटी शाळेतल्या मुलांना जाईल. वाजला नाही तर मात्र जे ठरले आहे ते होईल. मी कातडे नेऊन दिले. मास्तरांनी गाठोडे सोडले, कातड्यावरून हात फिरवला, गालाला लावून पाहिले आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता माळ्याकडे निघाले. जिना चढताना त्यांनी कठडा धरला नाही, कारण हात रिकामे नव्हते.

तेव्हापासून दोघे म्हातारे माळ्यावर आहेत. आणि मी इथे खिडकीपाशी आहे. आमचे घर इगर्जीपासून हाकेच्या अंतरावर. ठोकल्याचा आवाज येतो, मग थांबतो. मग सान्तूची हाक, मग काहीच नाही. छापखान्याचा माणूस लेखासाठी दोन वेळा येऊन गेला. मी त्याला सांगितले की शेवट व्हायचा आहे. आज सकाळपासून तर माळ्यावरून आवाजच नव्हता. कातडे अपुरे पडले की काय, सरस धरला नाही की काय, मास्तरांचे गुडघे तर नाहीत ना दुखावले, असे नाही नाही ते मनात येत होते. मी लेखणी ठेवून चपला घालायला उठलो.

आणि आत्ताच एक सूर आला. लांब, भरीव. मी मनात म्हटले, पट्टी पुन्हा अडकली. पण तो थांबला, जिथे थांबायला हवा होता तिथेच, आणि दुसरा सुरू झाला. मग सगळ्या नळ्या एकदम. धाप नाही, घरघर नाही. इगर्जीत यावेळी कोणी नसणार, नाहीतर मास्तरांनी हे वाजवायला घेतले नसते. आईचे भजन. एवढ्या मोठ्या बाज्यावर ते आजवर कोणी वाजवले नसेल. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत एक सूर चुकला.

आत माजघरात आई वाती वळत होती. "अजून चुकताहेत," ती म्हणाली, आणि काठी शोधू लागली. तिला इगर्जीच्या दारापर्यंत जायचे होते.

ज्या सभेत हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तिथे मास्तर बहुधा उशिरा येतील, आल्यावर उभेच राहतील आणि मंडपाचे खांब वाजवून बघतील. त्यांना कोणी बसा म्हणू नये, एवढी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. परमेश्वर, त्यांचा आणि आमचा, मास्तरांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य देवो, आणि त्यातला एकही दिवस त्यांना स्वस्थ बसू न देवो. चपला मी पायात घातलेल्याच आहेत. आईला इगर्जीपर्यंत घेऊन निघतो.